हाव जी म्हणणाऱ्या गड्याचा खटला

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण कोणी ऐकवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, पायरी चढायची की नाही हे ज्याला स्वतः ठरवता येतं तो शहाणा असो की येडा, नशीबवानच म्हणायचा! मी ज्यांची वकिली केली त्यातले बरेच जण दोरीला बांधून त्या पायरीपर्यंत आणलेले होते. त्यांना म्हणी सांगून काय उपयोग?

मी मूळची मुखेडकडची. वडील नांदेडकडं पाटबंधाऱ्याच्या कामावर मुकादम होते, म्हणून शाळा-कॉलेज तिथंच झालं आणि वकिलीचं शिक्षणही तिथंच. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. आजोबांनी गावकीची कामं सोडली तेव्हा पाटलाच्या तोंडावर "नाही करणार" म्हणून सांगितलं होतं. पुढं कितीतरी दिवस आमच्या वस्तीला कोणी कामावर बोलावलं नाही, चुली थंड राहिल्या. पण ती गोष्ट आमच्या घरात सणावारासारखी सांगितली जायची. त्यामुळं 'नाही' म्हणणं ही शिकायची गोष्ट असते हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, रडणं जसं जन्मताच येतं तसं हेही येत असेल.

लग्न होऊन लातूरकडं आले तेव्हा तो जिल्हा नवानवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग ओला आणि गावातले नळ मात्र कोरडे. दुष्काळ असा होता की सकाळी लोक एकमेकांना "बरं हाय का?" विचारायच्या आधी "टँकर आला का?" विचारत. गुरं छावणीत, माणसं रोजगार हमीच्या खडीवर, आणि मी तालुक्याच्या कोर्टात. कोर्ट भाड्याच्या इमारतीत होतं, वर पत्रे. बाररूममध्ये एक माठ असायचा, तोही दुपारपर्यंत खडखडीत.

त्या बाररूममध्ये मी एकटी बाई. सीनियर लोक वाईट नव्हते, पण मला काम द्यायचे ते तारखा मागण्याचं. "ताई, एवढी पुढची तारीख घेऊन या", झालं माझं करिअर! मग गरीब आरोपींना सरकारी खर्चानं वकील द्यायची यादी निघाली, त्यात कोणीच नाव घालीना, तेव्हा मी घातलं. सगळे हसले. "मुलजिमाकडून फीचं सोडा, चहा बी मिळनार न्हाई तुम्हाला," असं एक म्हातारे वकील म्हणाले. निजामाच्या काळापासून वकिली करत होते, आरोपीला अजून मुलजिमच म्हणायचे. मी म्हटलं, चहा मी घरून पिऊन येईन.

आमच्या कोर्टात एक रिवाज होता. महिनाअखेरच्या शनिवारी छोट्या छोट्या केसेस निकालात काढायच्या, आणि त्या निकालात निघाव्यात म्हणून लोकांनी कबुली द्यायची. जुगाराचा, दारूचा, विनापरवाना गाडीचा मामला असला की हवालदारच आदल्या दिवशी सांगून ठेवायचा, "साहेबांनी इचारलं की हाव म्हनायचं. दंड भर, संध्याकाळी घरी जा." आणि खरंच माणसं संध्याकाळी घरी जायची. त्यामुळं सगळ्या पंचक्रोशीत एक समज घट्ट बसला होता की कोर्टात हाव म्हटलं की सुटका होते, आणि नाही म्हटलं की जन्म जातो. आम्ही वकीलही त्याला कबुलीचा शनिवार म्हणायचो, आणि त्या दिवशी लवकर घरी जायला मिळतं म्हणून खूश असायचो.

अशाच एका शनिवारी मी मागच्या बाकावर बसून कुणाची तरी तारीख मागायची वाट पाहत होते. पट्टेवाल्यानं पुकारा केला आणि पोलिसांनी एका माणसाला आत आणलं. पन्नाशीचा असेल. अंगात जेलात राहून मळलेली बंडी, हात एवढे मोठे की बेडी त्याला लहान मुलाच्या कड्यासारखी दिसत होती. तो एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालगडी होता. म्हणजे पाडव्याला साल धरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत दिवस मालकाचा, रात्रही मालकाची. त्याच्यावर आरोप होता की त्यानं मालकाच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरली.

जिल्हा वेगळा झाला त्या गडबडीत त्याचे कागद एका गावी आणि तो दुसऱ्या गावच्या जेलात, असं झालं होतं. जामीन राहायला कोणी नाही. त्याच्या ओळखीतला शेतीवाडीवाला माणूस एकच, तो म्हणजे मालक, आणि फिर्यादीही तोच! म्हणून महिनोन्‌महिने आत.

न्यायाधीशसाहेब पुण्याकडून बदलून आलेले होते. तरुण, इस्त्रीचे, बोलणं पुस्तकासारखं. माणूस सरळ होता, पण त्यांना घाई होती. त्यांनी दोषारोप वाचला, "मालकाच्या ताब्यातील विद्युत मोटार लबाडीने" वगैरे वगैरे, आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"हाव जी," तो म्हणाला. आणि हसला.

ते हसणं मी पाहिलं नसतं तर ही गोष्टच झाली नसती. तो हसून दरवाज्याकडं वळला. तिथं त्याची बायको उभी होती, काखेत एक गाठोडं. गाठोड्यातून धुतलेल्या धोतराचं टोक बाहेर आलं होतं. नवऱ्याला घरी न्यायला आली होती ती, नवं नाही तरी स्वच्छ नेसवून. तिनंही मान हलवली, की झालं बरं का आता, सुटलो.

आणि इकडं साहेबांनी लिहायला सुरुवात केली. नोकरानं मालकाच्या घरची चोरी केली तर त्या कलमाला दंडावर सुटका नसते हो! सात वर्षांपर्यंतची सजा लिहिलेली आहे. आमच्या कोर्टाला तीन देता येत होती, आणि साहेब शिक्षेच्या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्या बाईच्या काखेतलं धोतर, आणि साहेबांच्या हातातला पेन.

मी उभी राहिले. "साहेब, यांना वकील नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आरोपीनं वकील मागितलेला नाही."

"मागता येतो हे त्यांना कोणी सांगितलंय का, साहेब?"

सरकारी वकील माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, जणू लग्नात कोणी शिंकलंय. साहेब म्हणाले, "तुम्ही यांच्यातर्फे हजर आहात का?"

"आत्ता झाले," मी म्हटलं.

आता हे बोलून तर गेले. साहेब रागावणार असं वाटलं. पण वरच्या कोर्टाचे निकाल त्यांनीही वाचलेले होते. गरिबाला वकील द्यायचा हे न्यायाधीशाचं कर्तव्य आहे, उपकार नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी पेन थांबवला, पण टोपण लावलं नाही. "दुपारच्या सुट्टीत बोलून घ्या," म्हणाले. "नंतर मी पुन्हा विचारीन."

कोर्टासमोर कडुलिंबाचं झाड होतं, पानं धुळीनं पांढरी पडलेली. त्याच्याखाली आम्ही बसलो. मी, तो, त्याची बायको, आणि दोरी धरून एक शिपाई. मी त्यांना मामा-मामी म्हणू लागले. आमच्याकडं अनोळखी वडीलधाऱ्याला तेच म्हणतात. मामीनं आधी माझी चौकशी केली, गाव कोणतं, कोणाच्या तुम्ही. मी कधी लपवत नाही. सांगितलं. ती जरा थांबली, मग तिनं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी ती तिखटाबरोबर खाल्ली. लई तिखट होती.

"मामा, मोटार तुम्ही चोरली का?" मी विचारलं.

"हाव."

"अवो, न्हाई म्हना की!" मामी ओरडली. "बाई, कशाची चोरी करतेत हे! त्या रात्री ह्ये छावणीत हुते बैलांपाशी. गाभण गाईचे पाय बी ह्येच दाबून राहिलते. ह्येंना काय इचारू नका, मला इचारा."

"मग मामा, तुम्ही हाव कामून म्हणता?"

तो खाली बघत बोलला. "इचारलं की मनावं लागतं."

मग मामीनं सगळं सांगितलं. मोटार दिसेना झाली तेव्हा मालक ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, "काय रं, तूच नेलीस न्हवं?" आणि हा म्हणाला, "हाव मालक." झालं! मालकानं फौजदाराला बोलावलं. फौजदार खुर्चीत बसले. "ओढ्यात टाकलीस काय?" "हाव साहेब." मोटार ओढ्यातच होती, उघड्यावर, गुरं राखणाऱ्या कोणालाही दिसावी अशी. कोणी टाकली देव जाणे. मला आजतागायत माहीत नाही.

"पोरपणापासून मालकाकडंच हायेत," मामी म्हणाली. "मालक दिवसा रात हाय म्हनले तर ह्ये कंदील लावतेत. मला न्हाई मनतेत की! भाजी न्हाई आवडली तर ताट सारतेत! पर खुर्चीत बसलेल्या मानसाला न्हाई मनायचं ह्येंना जमतच न्हाई."

मला राग आला. खरं सांगते, त्या माणसाचाच राग आला. मी म्हटलं, मामा, हे काही अवघड नाही. म्हणा, न्हाई. मी साहेब आहे असं समजा. मी तिथल्या एका दगडावर बसले, ऐटीत, आणि विचारलं, "चोरी केलीस का?"

"हाव जी."

"न्हाई म्हणायचं, मामा!"

"हाव, न्हाई मनायचं."

"मग म्हणा. चोरी केलीस का?"

त्यानं तोंड उघडलं, घसा हलला, कपाळावर घाम आला, आणि शेवटी "हाव" बाहेर पडलं. शिपाई फिदीफिदी हसला. मी त्याच्यावर असली डाफरले की तो दोरी धरून झाडाच्या पलीकडं जाऊन बसला. पण हसण्यासारखं काही नव्हतं. तो माणूस प्रामाणिकपणे प्रयत्न करून राहिला होता आणि ते त्याच्याच्यानं होत नव्हतं. माझ्या आजोबांनी जे एका दमात केलं, ते करायला ह्याला ना कोणी शिकवलं, ना कोणी पाठीशी उभं राहिलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा खटला मोटारीचा नाहीच.

दुपारनंतर पुन्हा पुकारा झाला. साहेबांनी विचारलं, "आता वकिलांशी बोलणं झालं. गुन्हा कबूल आहे का?"

मी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं.

"हाव जी."

सरकारी वकिलांनी हात पसरले, की बघा बुवा. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, आता तुमचं काय म्हणणं?"

माझ्याकडं ना कायद्याचं पुस्तक होतं, ना भाषण. मी म्हटलं, "साहेब, हा माणूस खुर्चीला नाही म्हणू शकत नाही. ही कबुली नाहीये, ही सवय आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आपणच त्यांना दुसरं काहीही विचारा. काहीही!"

"हे काय न्यायालय आहे की तमाशाचा फड?" सरकारी वकील उठले. साहेबांनी त्यांना हातानं खाली बसवलं. मग त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. पोळा होऊन गेला होता आणि आभाळात कापसाएवढा ढग नव्हता.

"बाहेर पाऊस पडतोय का?" साहेबांनी विचारलं.

त्या माणसानं खिडकीकडं पाहिलं. नीट पाहिलं, शेतकरी बघतो तसं, आधी आभाळाकडं, मग जमिनीकडं. आणि वळून म्हणाला, "हाव जी."

"जोरात पडतोय?"

"लई जोरात, साहेब."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं, पण ते हसू पुढं सरकलं नाही. त्या वर्षी आमच्याकडं कोणाला पावसाच्या नावानं हसू येत नव्हतं. मामीनं पदर तोंडात धरला होता. साहेबांचा चेहरा बदलला. ते पुढं झुकले, आवाज खाली आणून म्हणाले, "मग ती मोटार मी नेली का? मी, स्वतः?"

आता बिचाऱ्याची फार पंचाईत झाली. साहेबाला चोर कसं म्हणायचं? आणि साहेब म्हणतायत तर नाही तरी कसं म्हणायचं? त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा छताच्या पत्र्याकडं पाहिलं, हात जोडले, आणि अगदी हळू म्हणाला, "हाव जी. तुमी मनता तर तुमीच नेली आसंल."

अख्खं कोर्ट हसलं! सरकारी वकील हसले, पट्टेवाला हसला, निजामाच्या काळातले ते म्हातारे वकील डोळे पुसायला लागले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मघापासून लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहून मोठ्यानं वाचलं, "आरोपीची कबुली समजून-उमजून दिलेली नाही, म्हणून नोंदवली जात नाही. खटला चालेल. आरोपीला जातमुचलक्यावर सोडण्यात यावं." मग शिपायाला म्हणाले, "बेड्या काढा. इथंच, माझ्यासमोर. आणि पुन्हा माझ्या परवानगीशिवाय कोणाला बेडी घालून आत आणायचं नाही."

शिपाई किल्ली शोधत राहिला. मामी बाहेर रस्त्यावर बसून रडली, मग उठली, नवऱ्याला झाडामागं नेऊन धोतर नेसवून आणलं. खटला अजून डोक्यावर होता, हे मी सांगत होते. ती ऐकत नव्हती.

पण खटला होता. मालक साक्षीला आले ते जीपमधून, पांढरेशुभ्र, पायात कोल्हापुरी. मालक काही राक्षस नव्हते. दुष्काळात त्यांनी स्वतःची विहीर गावाला खुली केली होती, हे मीच सांगायला पाहिजे. पण त्यांना आपल्या वजनाचा अभिमान होता, आणि त्याच अभिमानावर माझी सगळी भिस्त होती. पोलिसांपुढची कबुली कायद्यात चालत नाही. पण मालकापुढं दिलेली चालू शकते. म्हणजे त्या एका "हाव मालक"वर मामाचा जन्म लोंबकळत होता.

साक्षीत मालक म्हणाले, "त्यानं माझ्यापुढं सोताच्या तोंडानं कबूल केलं."

मी उलटतपासणीला उठले. रात्रभर प्रश्न पाठ केले होते, ते सगळे बाजूला ठेवले आणि गोड आवाज काढला. "मालक, गडी तुमच्याकडं बऱ्याच सालांपासून आहे ना?"

"हाव. माझ्या वडलांपासून."

"गडी चांगला वळणातला दिसतो. तुमचं ऐकतो का?"

"ऐकतो का म्हंजे?" मालक ताठ झाले. "माझ्या शब्दाबाहेर जायची टाप न्हाई त्याची."

"असं कसं, मालक? माणूस आहे. कधीतरी नाही म्हणाला असेल की. सणाला, आजारपणात?"

"एकदा बी न्हाई!"

"खोटं वाटतं मला," मी म्हटलं. मुद्दाम, चिडवायला.

मालकाचा चेहरा लाल झाला. त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर हात आपटला. "बाई, तुमी कुठल्या हो? आमच्या गावात येऊन इचारा! मी आग लागली मनलो तर बादली आननारा गडी हाय त्यो, धूर कुठंय मनून इचारनार न्हाई. इतक्या सालांत माझ्यापुढं न्हाई ह्यो शब्द त्याच्या तोंडातून निघाला न्हाई, आन निघनार बी न्हाई!"

"म्हणजे तुम्ही मोटार नेली का विचारलंत, तेव्हाही निघाला नाही."

आपण काय बोललो हे मालकाच्या ध्यानात आलं, पण बाण सुटलेला होता. साहेबांचा कारकून ते शब्द टाइप करत होता, खट खट खट. मी "एवढंच" म्हणून खाली बसले.

राहिली एकच धास्ती. पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला स्वतः एकेक प्रश्न विचारतात. तिथं हा पठ्ठ्या परत "हाव जी, हाव जी" करत बसला तर केलं-सवरलं पाण्यात! मी त्याला पुन्हा लिंबाखाली नेलं. म्हटलं, "मामा, न्हाई म्हणता येत न्हाई ना? नका म्हणू. पण गप्प बसता येतं का?"

"त्ये येतं," तो म्हणाला. "औत हानताना दीस दीस बोलत न्हाई मी."

"मग गप्पच बसायचं. साहेबांनी काही विचारू द्या, तोंड उघडायचं न्हाई. हा तुमचा हक्क आहे. कायद्यानं दिलाय. राष्ट्रपती जरी आले तरी ते तुमच्याकडून बोलून घेऊ शकत नाहीत."

"साहेब रागवत न्हाईत?"

"रागावले तर माझ्यावर."

त्याला ते फार आवडलं. गप्प बसायचा सुद्धा हक्क असतो हे त्यानं मामीला दोन-तीनदा सांगितलं. आणि आत जाऊन त्यानं तो हक्क असा बजावला की काय सांगू! साहेब विचारत गेले आणि हा दोन्ही ओठ दातांखाली धरून उभा, गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले. प्रत्येक प्रश्नाला आतून 'हाव' वर येत होतं आणि तो ते गिळत होता, दिसत होतं सगळ्यांना. साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारून संपवला तेव्हा मामानं एवढा मोठा श्वास सोडला की साहेबांना कागदात तोंड घालावं लागलं.

निकालाच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. मालकही आले होते. साहेबांनी वाचलं की जो माणूस नाही म्हणूच शकत नाही त्याच्या हो म्हणण्याला पुरावा मानता येत नाही, आरोपी निर्दोष. शिवाय आणखी एक गोष्ट केली त्यांनी, जी मी मागितलीही नव्हती. यापुढं त्यांच्या कोर्टात वकिलाशी बोलल्याशिवाय कोणाचीही कबुली घेतली जाणार नाही, मग गुन्हा जुगाराचा का असेना, असं त्यांनी त्या दिवसापासून सुरू केलं. कबुलीचा शनिवार बंद! पुढच्या महिन्यात गरीब आरोपींच्या वकिलांच्या त्या यादीत नाव घालायला बाररूममधले तिघे-चौघे आले. त्यात ते म्हातारे वकीलही होते. मला म्हणाले, "मुलजिमाला जपायचं आमी इसरूनच गेलतो, पोरी." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी फी.

पण त्याच दिवशी दुपारी, निकाल लागल्यावर, जे झालं ते सांगायचं राहिलंच.

आम्ही बाहेर आलो. मामी माझ्या गळ्यात पडली होती, लोक मामाच्या पाठीवर थापा मारत होते. तेवढ्यात मालकाची जीप येऊन पुढ्यात थांबली. मालक पुढच्या सीटवर बसलेले. त्यांनी राग दाखवला नाही. उलट, काही झालंच नाही असा आवाज काढला. "चल रं," म्हणाले, "झालं ते झालं. बैलं छावणीत हाल सोसून राहिलेत तुझ्याबगर. बस मागं. येत्या पाडव्याचं साल बी तुझंच."

मामा जीपच्या दिशेनं एक पाऊल गेला. मामीनं माझा हात गच्च धरला. हा काही माझा खटला नव्हता, आणि इथं मला हजर व्हायचा अधिकारही नव्हता.

मामा उभा राहिला. त्याचे ओठ पुन्हा दातांखाली गेले, गाल फुगले. मला वाटलं, आता गप्प बसायचा हक्क वापरतोय. तेवढंही पुष्कळ झालं असतं. पण त्यानं ओठ सोडले.

"न्हाई," तो म्हणाला.

मालकानं ऐकलं नसावं, किंवा ऐकून विश्वास बसला नसावा. ते खाली वाकले. "काय म्हनलास?"

"न्हाई येत, मालक," मामा म्हणाला, आता जरा मोठ्यानं, आणि घाबरून लगेच आमच्याकडं वळून बघितलं. मग हसला. आणि बायकोचं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेऊन भर उन्हातून एस्टी स्टँडकडं चालायला लागला.